बूट परत करायला आलेला बाप

ती घटना आजही आठवते, असं मी म्हटलं की ऐकणारे खून-दरोड्याच्या अपेक्षेने सरसावून बसतात. माझ्या नोकरीत तेही पुष्कळ झाले. पण मनात घर करून राहिली ती एका मेंढपाळाची गोष्ट. तो ठाण्यात आला होता, पण कुणाविरुद्ध तक्रार द्यायला नव्हे. एक वस्तू परत करायला.

नावं कुणाचीच घेणार नाही. मुलांच्या बाबतीत कायदाच ती घेऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे.

तेव्हा मी सांगलीच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एका विद्यापीठाचं आवार होतं. दर उन्हाळ्यात तिथे शाळकरी मुला-मुलींचं निवासी क्रीडा शिबिर भरायचं. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागातली, पळण्यात-उड्या मारण्यात चमकलेली पोरं शाळांमधून निवडायची, वसतिगृहात ठेवून घ्यायची आणि शिकवायची, असा उपक्रम. उपक्रम चांगलाच होता. त्या शिबिरातून पुढे सैन्यात गेलेली, पोलिसांत भरती झालेली मुलं मला माहीत आहेत. आमचा संबंध म्हणाल तर उद्घाटनापुरता. मला पहिल्या रांगेत बसवायचे, हार घालायचे. मी शिस्तीवर दोन शब्द बोलून परत यायचो.

मे महिन्यातली एक दुपार. ठाणे अंमलदार आत आले आणि म्हणाले, बाहेर एक माणूस सकाळपासून बसून आहे. तक्रार नाही म्हणतो, पण मोठ्या साहेबांनाच भेटायचं म्हणतो. मी आत पाठवायला सांगितलं.

पन्नाशीच्या आतला माणूस होता. उन्हाने रापलेला, अंगात नुकताच धुतलेला सदरा. खुर्ची दाखवली तरी बसला नाही. हातातल्या पिशवीतून त्याने फडक्यात गुंडाळलेले पळायचे बूट काढले आणि माझ्या टेबलावर हलकेच ठेवले. बूट नवेच होते, तरी त्याने ते पुसून आणले होते.

"सायेब, ही बुटं घ्या," तो म्हणाला. "पर पोरीवर चोरीची केस नगा घालू."

मग एकेक करून त्याने सगळं सांगितलं. गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या पलीकडे. त्या दिवसांत त्याची मेंढरं कृष्णाकाठी, ऊस तुटून गेलेल्या रानात खतासाठी बसवलेली होती. मुलगी नववीत गेलेली. शाळेतल्या गुरुजींनी तिचं पळणं पाहून या शिबिराला धाडली. शिबिर अर्ध्यावर असताना ती कुणाला न सांगता एकटीच एसटीने घरी आली आणि गप्प झाली. पाठोपाठ शिबिरातल्या प्रशिक्षकाचा बापाला फोन आला. तुमची मुलगी शिबिराचे बूट घेऊन पळाली आहे, पोलिसांत गेलो तर चोरीचा गुन्हा होईल, शाळेतून नाव जाईल. तेव्हा झालं गेलं विसरायचं, तिला गप्प राहायला सांगायचं आणि तुम्हीही कुठे बोलायचं नाही.

"पळून आली म्हनत्यात," बाप म्हणाला. "माझी पोरगी पळती, सायेब. मेंढरामागं पळती, शाळंत पळती. पर पळून जाणारी न्हवं ती."

मी विचारलं, मुलीला विचारलंत का, काय झालं ते?

"इचारलं न्हाई. ती बोलंचना. म्हनलं, आधी हे वझं तिच्या डोक्यावरनं काढावं. मग बोलंल."

पोलिसांच्या कानाला एक सवय लागते. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याच्या बोलण्यात काय जास्तीचं आहे तिकडे लक्ष जातं. बुटांची चोरी झाली असेल तर बूट परत मागायचे. कुणाला काही सांगू नका, मुलीला गप्प ठेवा, हे कशासाठी? दुसरी गोष्ट बापाच्या बोलण्यातच आली. मुलीने ते बूट घरी आल्यावर पायात घातलेच नव्हते. हे घरातनं बाहेर टाक, एवढंच ती आईला म्हणाली होती. जिला पळायचं वेड आहे, ती चोरून आणलेले बूट बाहेर टाक म्हणेल का?

मी त्याला बळेच बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं, तुमच्या मुलीवर कसलीही केस होणार नाही. त्याने चहा खाली ठेवला आणि मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्याने कप उचलला.

आमच्याकडे एक महिला उपनिरीक्षक होत्या. बालकांवरील अत्याचाराच्या प्रकरणांत मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. हे नियम कागदावर वाचताना रुक्ष वाटतात. त्यांचा अर्थ मला त्या बाईंनी दाखवला. त्या साध्या साडीत, खाजगी गाडीने गेल्या. गाडी गावाबाहेर ठेवली आणि मुलीच्या बापाबरोबर चालत वस्तीवर गेल्या. गावाने विचारलं तर शाळेच्या कामाला आलेल्या बाई, एवढंच सांगायचं ठरलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आई गमावलेलं एक कोकरू मुलगी बाटलीने दूध पाजून वाढवत होती. बाईंनी तिच्याकडून ते शिकून घेतलं. बाटली किती तिरकी धरायची, कोकराची मान कुठे धरायची. तेवढं करून परत आल्या. आमच्यातल्या एकाने विचारलं, मग काय मिळालं? बाई म्हणाल्या, कोकराला पोटभर दूध मिळालं. मी त्यांना घाई केली नाही, पण इकडे शिबिर चालूच होतं. आवारात साध्या वेशातल्या दोन महिला शिपाई मी त्याच दिवशी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा गेल्या. त्या दिवशी मुलीनेच त्यांना विचारलं.

"सर म्हनले हुते, तू सांगितलंस तर तुलाच काढतील, मला न्हाई. खरं हाय का ते?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ते खोटं आहे."

एवढ्या एका उत्तरावर मुलगी बोलायला लागली. आई शेजारी बसली होती. बाप दाराबाहेर, ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, पण मुलीला दिसेल असा उभा होता. तसं तिनेच सांगितलं होतं.

ती जे बोलली ते सगळं मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की तो प्रशिक्षक आधी तिचं फार कौतुक करायचा. तू या सगळ्यांत वेगळी आहेस म्हणायचा. मग त्याने तिला ते बूट दिले आणि दुसऱ्यांना सांगू नको म्हणाला. आईशी फोनवर रोज बोलायचं असतं म्हणून तिने बरोबर आणलेल्या साध्याशा मोबाईलवर त्याचे संदेश यायला लागले. वाचले की पुसून टाक, असं त्यातच लिहिलेलं असायचं. आणि एका संध्याकाळी जादा सरावाच्या नावाखाली त्याने तिला साहित्याच्या खोलीत एकटीला बोलावलं आणि तिच्याशी वाईट वागला. तिने त्याला ढकललं आणि धावत सुटली. सकाळी सामान उचलून थेट स्टँडवर गेली.

"पळता येत हुतं म्हनून सुटले," ती बाईंना म्हणाली. "पर आता पळावं वाटत न्हाई."

बाई परत आल्या तेव्हा माझ्यासमोर जबाबाचा कागद ठेवून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "सर, गुन्हा दाखल करू या."

गुन्हा नोंदवला. बालकल्याण समितीला कळवलं, दंडाधिकाऱ्यांपुढे मुलीचा जबाब झाला. प्रशिक्षकाला त्याच दिवशी आवारातून ठाण्यात आणलं.

तो यायच्या आधीच शिबिर चालवणारे, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख माझ्यापुढे येऊन बसले होते. वयस्क, सज्जन माणूस. तीस एक वर्षं मुलांना शिकवण्यात गेलेली. ते रागात नव्हते, काकुळतीला आले होते. म्हणाले, काहीतरी गैरसमज आहे, हा मुलगा माझाच विद्यार्थी, शिबिरासाठी रात्रंदिवस राबतो. गावाकडची पोरगी घाबरून गेली असेल, चोरी उघड होईल म्हणून काहीबाही बोलली असेल. मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

प्रशिक्षक शांत होता. तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. अशा गुन्ह्यातला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याला पाहायला हवं होतं. मी त्याला मुलीबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त बुटांबद्दल विचारत राहिलो. बूट कुणाचे? शिबिराचे. कुठून दिले? साहित्याच्या खोलीतून. तिला एकटीलाच? नाही साहेब, सगळ्या मुलींना दिलेत. सगळ्यांना? हो, सगळ्यांना.

मी उठून बाहेर आलो. विभागप्रमुख बाकावर बसले होते. त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, सर, तुम्ही शिबिरात मुलांना बूट देता का?

"नाही हो," ते म्हणाले. "आमच्याकडे तेवढी तरतूद कुठली? पोरं आपापले आणतात. काही तर अनवाणीच..."

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते एवढंच म्हणाले, "पालकांना मीच सांगायचो, साहेब. आपलंच घर समजा, काळजी करू नका."

बुटांच्या तळव्याला सांगलीतल्या एका दुकानाची चिकटवलेली चिठ्ठी अजून होती. हवालदार बूट आणि फोटो घेऊन तिथे गेले. दुकानदाराने प्रशिक्षकाला लगेच ओळखलं. मोठ्या कौतुकाने म्हणाला, हे सर दर उन्हाळ्याला गरीब मुलींसाठी एक जोड नेतात. यंदा तर दोन नेले.

हवालदारांनी मला दुकानातूनच फोन केला. यंदा दोन. एक जोड हवालदारांच्या हातात होता. दुसरा अजून शिबिरात कुणाच्या तरी पिशवीत होता.

उपनिरीक्षक बाई समितीच्या समुपदेशक ताईंना घेऊन तडक आवारात गेल्या. मुलींना ओळीत उभं करून कुणी काय केलं असं विचारायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. मुली मैदानावरून आल्या होत्या, पाय धूत होत्या. बाई त्यांच्यात जाऊन बसल्या. पळताना पाय सोलवटतात का, बूट कसे आहेत, अशा गप्पा निघाल्या. जतकडची एक लहानखुरी मुलगी कुणाकडे न बघता म्हणाली, माझे नवे आहेत, पण दाखवायचे नाहीत असं सांगितलंय. तिला संदेश सुरू झाले होते. जादा सरावाला बोलावणं यायचं होतं. प्रकरण त्याच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत टेकून बसलो. म्हसवडच्या बापाने ते बूट एखाद्या विहिरीत टाकून दिले असते तर, हा विचार मनातून जाईना.

मागच्या वर्षांतल्या मुलींपर्यंत पोचणं अवघड होतं. समितीच्या मदतीने आम्ही घरोघरी निरोप पोचवले. गाडी नाही, गणवेश नाही. बऱ्याच घरांतून काही कळलं नाही. विट्याकडच्या एका घरात आईने दार अर्धंच उघडलं. म्हणाली, माझी मुलगी आता कॉलेजला आहे, चांगलं चाललंय, जुनं कशाला उकरता? बाई नमस्कार करून निघाल्या. तेवढ्यात मुलगी आईच्या मागून पुढे आली.

"माझ्याकडे आहेत ते बूट," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या एकटीच्याच बाबतीत झालं."

तिचे वडील दक्षिणेत एका शहरात गलाईचं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान चालवत होते. फोन गेला तसे ते दुकान बंद करून निघाले. मला भेटले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, मुलीचं नाव बाहेर जाईल का? मी कायदा समजावून सांगितला. मग म्हणाले, "साहेब, एवढी वर्षं मी तिला फोनवर रोज विचारायचो, जेवलीस का. दुसरं काही विचारायचं सुचलंच नाही. आता ती बोलते म्हणाली आहे, तर बोलू दे. मी शेजारी बसतो." आणि ते खरोखर प्रत्येक वेळी शेजारी बसले.

त्या जबाबानंतर प्रशिक्षकाचा गोडवा संपला. सिनेमात दाखवतात तसा कबुलीजबाब वगैरे काही झाला नाही. त्याने पाणी मागितलं आणि वकिलाला बोलवा म्हणाला. पुसलेले संदेश प्रयोगशाळेने फोनमधून काढून दिले. आम्ही मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं.

खटला विशेष न्यायालयात चालला. साक्षीच्या वेळी आरोपी मुलींना दिसणार नाही अशी पडद्याची सोय होती. न्यायाधीश बाईंनी माणच्या मुलीला आधी तिच्या कोकराबद्दल विचारलं. आता ते मोठं झालंय, ऐकत नाही कुणाचं, असं ती म्हणाली. मग ती सगळं बोलली, न थांबता. आरोपीला शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी तिचा बाप न्यायालयाच्या व्हरांड्यात उभा होता. त्याला मी शिक्षा किती झाली ते सांगत होतो, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. दोन्ही मुली तिथे पहिल्यांदाच एकमेकींशी बोलत होत्या. विट्याची मोठी, माणची लहान. काय बोलत होत्या आम्हाला ऐकू आलं नाही. मध्येच दोघी हसल्या. बाप म्हणाला, "हसली बगा."

नंतर मी निवृत्त झालो. एके दिवशी विभागप्रमुखांचा फोन आला. शिबिर बंद करावं असं विद्यापीठात काहींचं मत होतं. त्यांना ते पटत नव्हतं. शिबिर बंद केलं तर शिक्षा त्या कोरड्या भागातल्या पोरांना होईल, असं त्यांचं म्हणणं. नियम नव्याने करायचे होते, त्यासाठी त्यांनी मला, उपनिरीक्षक बाईंना आणि समुपदेशक ताईंना बोलावलं. कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही. संदेश पाठवायचा तर पालकांच्या गटावर. शिबिरात काम करणाऱ्या प्रत्येकाची आधी चौकशी, मग नेमणूक. मुलींच्या वसतिगृहात महिला अधीक्षक हजर हवीच. असं बरंच ठरलं. मी म्हटलं, हे सगळं आपण मोठ्यांनी ठरवलं, एकदा मुलांनाही विचारा.

माणच्या मुलीला निरोप गेला, यायलाच पाहिजे असं नाही, अशा शब्दांत. ती वडिलांबरोबर आली. अंगाने वाढली होती. उपनिरीक्षक बाईंनी हळूच विचारलं तर म्हणाली, सकाळी रानातल्या वाटेनं पळते, पण स्पर्धेचं अजून ठरवलं नाही. कुणी तिला त्यावर काही बोललं नाही.

तिने आमचे नियम वाचले आणि म्हणाली, "तक्रार कुनाकडं करायची ते लिवलंय. पर तक्रार केल्यावर आमाला काढणार न्हाई, हे कुटं लिवलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. नोकरीत मी कितीतरी साक्षीदार तपासले, घाबरलेली माणसं बोलती केली. पण मूल गप्प का राहतं, याचं इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. त्याला त्या माणसाची भीती असतेच. त्याहून मोठी भीती असते ती, हातात आलेली एकुलती एक संधी जाईल याची. गरिबाघरच्या मुलाला ती संधी म्हणजे सगळं जग वाटतं, आणि वाईट हेतूचा माणूस नेमकं तेच ओळखून असतो. आपण मुलांना सांगतो, घाबरू नका, बोला. बोलल्यावर तुमचं काही हिरावून घेतलं जाणार नाही, हे सांगायचं राहून जातं.

विभागप्रमुखांनी स्वतःच्या हाताने ते वाक्य नियमांच्या सगळ्यांत वर लिहिलं. आता शिबिराच्या पहिल्या दिवशी पालकांसमोर ते मोठ्याने वाचून दाखवतात. मला आता हार घालत नाहीत, पण बोलावतात, आणि मी शिस्तीवर बोलत नाही.

नव्या नियमांनंतरचं पहिलं शिबिर सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत विभागप्रमुखांचा फोन आला. आवाज घाईचा होता. म्हणाले, साहेब, पहिली तक्रार आली. मी जागचा उठलो. कुणाची, कशाबद्दल, असं एका दमात विचारलं.

"आटपाडीकडची सातवीतली मुलगी आहे," ते म्हणाले. "स्वतः माझ्या केबिनमध्ये आली. म्हणते, सर, सकाळच्या दुधात लय पाणी असतं."

मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत?

"काय करणार? तिच्यासमोर दूध प्यालो. खरंच होतं हो. स्वयंपाकघरात जाऊन सांगून आलो आणि दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, आता बरं आहे का. आहे म्हणाली. आणि आज ती आणखी चौघींना घेऊन आली आहे. पंख्याचा आवाज येतो म्हणतायत."

त्या वयस्क माणसाला फोनवर हसू आवरत नव्हतं. मग ते म्हणाले, "ठेवतो, साहेब. पोरी बाहेर थांबल्यात."